जेबेल अलीची खोती

किनाऱ्यावर एखादे नवे बंदर, एखादा औद्योगिक पट्टा किंवा एखादे मुक्त व्यापारक्षेत्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला, की आपल्याकडील उद्योगपतींच्या संघटना, अर्थविषयक स्तंभलेखक आणि मंत्रालयातील अधिकारी एकमुखाने एकच दाखला देतात: दुबईचे जेबेल अली पाहा! जेथे वाळू आणि उंट यांखेरीज काही नव्हते तेथे हजारो कंपन्या आल्या. सरकारने कर काढून टाकले, कामगार कायद्यांची कटकट ठेवली नाही, परकी भांडवलाला मोकळीक दिली आणि समृद्धी आपोआप चालत आली. तात्पर्य असे सांगितले जाते, की कोकणच्या किनाऱ्यानेही हेच करावे. जमीन द्यावी, कर सोडावेत आणि संघटनांना दाराबाहेर ठेवावे.

हा युक्तिवाद सरळ, सुटसुटीत आणि सपशेल खोटा आहे. तो इतक्या वेळा उच्चारला गेला आहे, की आपले काही कार्यकर्तेही बचावात्मक पवित्रा घेऊन बोलू लागले आहेत. ‘दुबईत जमते, पण आपल्याकडे लोकशाही असल्यामुळे जमत नाही,’ असे त्यांच्याही तोंडून ऐकू येते. म्हणून या आख्यायिकेची अर्थशास्त्रीय तपासणी करणे अगत्याचे आहे.

जेबेल अली कोणी बांधले?

पहिली गोष्ट ही, की जेबेल अली मुक्त बाजारपेठेने उभारलेले नाही. ते राज्यसंस्थेने, राज्याच्या मालकीच्या जमिनीवर आणि तेलाच्या पैशाच्या व पतीच्या जोरावर उभारले. दुबईची खाडी १९५९ ते १९६१ या काळात उपसण्यात आली ती कुवेतकडून मिळालेल्या कर्जाच्या आधारे. १९६६ साली समुद्रात फतेह येथे तेल सापडले आणि १९६९ पासून त्याची निर्यात सुरू झाली. त्यानंतर १९७२ मध्ये रशीद बंदर खुले झाले. लगेच १९७६ साली शहरापासून दूर, ओसाड किनाऱ्यावर जेबेल अलीचे काम हाती घेण्यात आले आणि १९७९ साली ब्रिटनच्या राणीच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. सदुसष्ट धक्क्यांचे हे कृत्रिम बंदर त्या वेळी जगातील सर्वांत मोठे मानले जात होते. त्याच साली शेजारी अॅल्युमिनियमचा सरकारी कारखाना धडाडू लागला. त्याला वीज मिळाली ती वायूवर चालणाऱ्या जनित्रांची, आणि त्याच प्रकल्पातून समुद्राचे पाणी गोडे करण्याची सोय झाली.

या सर्व काळात मुक्त क्षेत्राचा पत्ता नव्हता. बंदर खुले झाल्यावर पहिली काही वर्षे धक्के बरेचसे रिकामेच होते. एवढी अवाढव्य गुंतवणूक निरुपयोगी ठरू नये म्हणून १९८५ साली बंदराच्या पाठीशी मुक्त क्षेत्र काढण्यात आले. थोडक्यात, करमाफी आली आणि तिच्यामागून बंदर आले असा क्रम नाही. बंदर, रस्ते, वीज आणि पाणी आधी आले, तेही सार्वजनिक भांडवलातून. कोणत्याही खाजगी सावकाराने वाळवंटात सदुसष्ट धक्के बांधण्याचे धाडस केले नसते. हा तर सार्वजनिक क्षेत्राचाच पुरावा आहे, आणि तो खाजगीकरणाच्या वकिलांनी स्वतःच्या बाजूने साक्षीला उभा करावा ही कमालच म्हटली पाहिजे.

दुसरे असे, की करमुक्त निर्यातक्षेत्राची कल्पना दुबईने शोधलेली नाही. आपल्या कांडल्याला असे क्षेत्र १९६५ साली निघाले आणि मुंबईच्या अंधेरीत ‘सीप्झ’ १९७३ साली. जेबेल अलीच्या वीस वर्षे आधी आपण हा प्रयोग केला होता. करमाफी हेच यशाचे बीज असते, तर आज दुबईच्या तज्ज्ञांनी कांडल्याची वारी केली असती. तसे घडले नाही, कारण फरक करमाफीचा नव्हता. दुबईपाशी बंदर होते, तेल होते, आणि दक्षिण आशिया, इराण व पूर्व आफ्रिका यांच्यामधला व्यापारी नाका होता. १९६६ पर्यंत त्या किनाऱ्यावर आपल्या रिझर्व्ह बँकेने काढलेला आखाती रुपया चलनात होता, हे या जुन्या संबंधाचेच चिन्ह होय. रुपयाचे अवमूल्यन झाले तेव्हा त्यांनी तो सोडला.

आणि आता त्या करमाफीचे तरी काय झाले? संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०१८ पासून पाच टक्के मूल्यवर्धित कर बसविला. जून २०२३ पासून कंपन्यांच्या नफ्यावर नऊ टक्के कर सुरू झाला. मुक्त क्षेत्रातील ठरावीक उत्पन्नाला सूट अजून आहे. परंतु ज्यांनी जगाला करशून्य राज्य दाखविले त्यांनाही कर बसविल्याखेरीज राज्य चालविता येईना, ही गोष्ट आपल्याकडील भाष्यकारांच्या लेखांत क्वचितच आढळते.

खंड आणि खोत

मग जेबेल अलीचा खरा व्यवसाय कोणता? मालाची चढउतार तेथे होते, यात शंका नाही. २०२४ साली या बंदराने सुमारे १५५ लाख कंटेनर हाताळले. कारखानेही आहेत. परंतु ज्या संस्थेच्या ताब्यात ते क्षेत्र आहे, तिचे उत्पन्न पाहिले तर त्याचा गाभा आहे जमिनीचा खंड. भूखंड, गुदामे, कार्यालये आणि मजुरांच्या छावण्यांसाठी जागा भाडेपट्ट्याने द्यायच्या, परवान्यांचे शुल्क घ्यायचे आणि प्रत्येक कंपनीने ठरावीक काळाने येऊन नूतनीकरण करून जावे अशी व्यवस्था ठेवायची. रिकार्डोने खंडाची मीमांसा केली तेव्हा त्याच्यासमोर गव्हाची शेते होती. येथे शेताच्या जागी स्थान आहे. बंदराला लागून असलेल्या जागेचे मोल तेथे जो राबतो त्याच्यामुळे वाढते, आणि वाढलेले मोल ज्याच्या नावावर जमीन आहे त्याच्या पदरात पडते.

इराणी अर्थशास्त्रज्ञ हुसेन महदवी यांनी १९७० साली तेलावर जगणाऱ्या राज्यांसाठी ‘खंडजीवी राज्य’ ही संकल्पना मांडली. ज्या राज्याला प्रजेकडून कर घ्यावा लागत नाही, त्याला प्रजेला हिशेबही द्यावा लागत नाही, हा तिचा मथितार्थ पुढील अभ्यासकांनी अधिक स्पष्ट केला. कोकणातल्या वाचकाला ही संकल्पना समजावून द्यायला परदेशी पुस्तकाची गरज नाही. त्याच्या आजोबाने खोत पाहिलेला आहे. आपल्याकडील खोत निदान सरकारात सारा भरीत असे. जेबेल अलीत सरकार आणि खोत हे एकच आहेत.

या खोतीचे पुढचे रूप म्हणजे व्यापारी बांधकामांचा उन्माद. २००२ साली दुबईने परकीयांना ठरावीक भागांत घरे व जागा विकत घेण्याची मुभा दिली. समुद्रात भराव टाकून ताडाच्या आकाराची बेटे काढण्यात आली आणि त्यांतील एक थेट जेबेल अलीच्या किनाऱ्यालगत. मुक्त क्षेत्राच्या भाड्याच्या भरवशावर २००७ साली साडेसात अब्ज दिरहॅमचे कर्जरोखे विकले गेले. कारखान्याच्या शेजारी बंगला, गुदामाच्या शेजारी मॉल, आणि या सगळ्यांखाली कर्ज, असा तो इमला होता. २५ नोव्हेंबर २००९ रोजी ‘दुबई वर्ल्ड’ या सरकारी समूहाने आपली देणी काही महिने लांबणीवर टाकण्याची विनंती सावकारांना केली, तेव्हा जगभरचे शेअरबाजार हादरले. जेबेल अलीचे बंदर आणि मुक्त क्षेत्र याच समूहाच्या छत्राखाली होते. १४ डिसेंबरला अबू धाबीने दहा अब्ज डॉलर दिले म्हणून तातडीचे देणे भागले. जानेवारी २०१० मध्ये जगातील सर्वांत उंच इमारतीचे उद्‌घाटन झाले, तेव्हा ‘बुर्ज दुबई’ हे तिचे नाव बदलून अबू धाबीच्या शासकाचे ‘खलिफा’ हे नाव तिला देण्यात आले. अमिरातीच्या एकूण तेलसाठ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक साठे अबू धाबीकडे आहेत. तेव्हा बाजारपेठेचा चमत्कार म्हणून जे दाखविले जाते त्याची हमी अखेर शेजारच्या तेलविहिरीनेच दिली. जेबेल अलीच्या किनाऱ्यावरील त्या बेटाचे काम पुढे अनेक वर्षे बंद पडून होते. कोकणच्या शेजारी कोणती तेलविहीर आहे, याचे उत्तर या आदर्शाच्या प्रचारकांनी द्यावे.

सोनापूर

आता या व्यवस्थेच्या तळाशी असलेल्या माणसाकडे वळू. दुबईच्या शारजाकडील टोकाला मुहैस्ना नावाचा भाग आहे. तेथे मजुरांच्या छावण्यांची मोठी वस्ती आहे, आणि तिला भारतीय उपखंडातल्या मजुरांनी नाव दिले आहे सोनापूर. मुंबईच्या जुन्या रहिवाशाला सोनापूर म्हटले की चंदनवाडीचे स्मशान आठवते. परदेशी मृतांचे देह मायदेशी धाडण्यापूर्वी त्यांवर जेथे औषधी प्रक्रिया होते, ते दुबईचे सरकारी केंद्रही याच सोनापुरात आहे. नाव ठेवणाऱ्यांनी कोणता अर्थ मनात धरला होता ते विचारण्याची गरज उरत नाही. अशाच छावण्या जेबेल अलीच्या परिसरातही आहेत.

अमिरातीच्या कायद्याने कामगारांना संघटना स्थापण्याचा अधिकार दिलेला नाही आणि संप बेकायदा आहे. मजुराचा तेथील वास्तव्याचा परवाना नोकरीशी बांधलेला असतो. मालकाने नोकरी संपविली की ठरावीक मुदतीत दुसरी मिळवा, नाही तर देश सोडा. मार्च २००६ मध्ये त्याच उंच इमारतीच्या बांधकामावरील मजुरांनी अपुरा पगार व वागणुकीविरुद्ध काम बंद पाडले. त्यानंतर काही सुधारणा झाल्या, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. २००९ पासून पगार बँकेमार्फत देण्याची सक्ती आली. उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारच्या वेळी उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा नियम आहे. फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने पारपत्र काढून घेण्यास मनाई केली आणि नोकरी बदलणे पूर्वीपेक्षा सोपे केले. परंतु या सर्व सवलती वरून दिलेल्या आहेत. वरून दिलेली सवलत वरूनच काढून घेता येते. ती राखण्यासाठी मजुराच्या हाती स्वतःची संघटना हवी, आणि नेमकी तीच तेथे निषिद्ध आहे.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो: ‘अहो, पण रत्नागिरीचा, रायगडचा तरुण स्वखुशीनेच जातो ना? तेथून आलेल्या पैशावर गावात घर उभे राहते, बहिणीचे लग्न होते. मग तुमची तक्रार काय?’ आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो पैसा खरा आहे आणि त्यामागचे कष्टही खरे आहेत. कोणत्याही समाजवाद्याने त्या तरुणाच्या निर्णयाला नावे ठेवू नयेत. पण स्वखुशी हा शब्द जपून वापरावा. गावात रोजगार नाही, शेतीचे तुकडे झाले आहेत, जाण्यासाठी दलालाला द्यायचे पैसे कर्जाऊ काढलेले आहेत, अशा अवस्थेत दिलेल्या संमतीला करारकायद्यात संमती म्हणत असतील, पण अर्थशास्त्राने तिला गरज म्हटले पाहिजे. गिरणीत बारा बारा तास राबणारा कामगारही कोकणातून स्वखुशीनेच आला होता. म्हणून कामाच्या तासांचा कायदा अनावश्यक होता, असे आज कोणी म्हणेल काय?

आणि या मजुराच्या पाठीशी आपले सरकार तरी किती उभे राहिले? १९८३ च्या स्थलांतर कायद्यान्वये परदेशी जाणाऱ्या अल्पशिक्षित मजुरांसाठी किमान वेतनाची शिफारस केली जाते. सप्टेंबर २०२०मध्ये, महामारीच्या ऐन काळात, केंद्र सरकारने आखाती देशांसाठीची ही किमान रक्कम तीस ते पन्नास टक्क्यांनी खाली आणली. कारण असे, की आपला मजूर महाग झाला तर काम दुसऱ्या देशाच्या मजुराकडे जाईल! तेलंगणाच्या उच्च न्यायालयात हे प्रकरण गेले आणि २०२१ साली सरकारला ते आदेश मागे घ्यावे लागले. स्वतःच्या नागरिकाच्या श्रमाचा भाव स्वतःच पाडणारे सरकार जेबेल अलीचे गोडवे गाते, यात नवल वाटण्यासारखे काही नाही.

जेबेल अलीचा नफा कोठे कोठे जातो त्याचे एक उदाहरण देतो. जून २०२२ मध्ये कॅनडातील क्वेबेक प्रांताचे सार्वजनिक निवृत्तिवेतन निधी सांभाळणाऱ्या संस्थेने अडीच अब्ज डॉलर गुंतवून हे बंदर, मुक्त क्षेत्र आणि लगतचा औद्योगिक विभाग यांत सुमारे बावीस टक्के हिस्सा घेतला. म्हणजे क्वेबेकमधील शिक्षक, परिचारिका व सरकारी नोकर यांच्या म्हातारपणाची बेगमी आता अंशतः जेबेल अलीच्या भाड्यातून होईल. त्या कष्टकऱ्यांनी निवृत्तिवेतन मिळविले ते आपल्या संघटनांच्या बळावर. ज्याच्या श्रमातून ते भाडे निघते त्या परदेशी मजुराला मात्र अमिरातीत निवृत्तिवेतन नाही. नोकरी संपताना पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे एकवीस दिवसांचा पगार, तोही मूळ वेतनावर मोजून, हातावर ठेवून त्याला निरोप दिला जातो. एका देशातील संघटित कामगारांची बचत दुसऱ्या देशातील असंघटित कामगारांवर खंड वसूल करते, ही आजच्या भांडवलशाहीची करामत आहे. हे त्या परिचारिकेचे पाप नव्हे. पण आंतरराष्ट्रीय कामगार एकजुटीवर आपण भाषणे करतो तेव्हा ही गुंतागुंत ध्यानात असू द्यावी.

क्षेत्राचा कायदा कुंपणाबाहेर येतो

मुक्त क्षेत्राला कुंपण असते. माल कुंपणाबाहेर आला की जकात लागते. परंतु क्षेत्रातली कामगारविरोधी रीत कुंपणात थांबत नाही. जेबेल अली चालविणाऱ्या ‘डीपी वर्ल्ड’ने २००६ साली ‘पी अँड ओ’ ही जुनी ब्रिटिश कंपनी विकत घेतली. साम्राज्याच्या काळात मुंबईला विलायतेची टपाल आणणाऱ्या बोटी याच कंपनीच्या. त्या खरेदीबरोबर आपल्या न्हावा-शेवा येथील पहिले खाजगी कंटेनर टर्मिनलही दुबईकडे आले. पुढे, १७ मार्च २०२२ रोजी, याच समूहातील ब्रिटिश फेरी कंपनीने आपल्या ७८६ खलाशांना ध्वनिचित्रित संदेश दाखवून एका क्षणात कामावरून काढले आणि त्यांच्या जागी स्वस्त मजूर आणले. कायद्याप्रमाणे संघटनांशी सल्लामसलत करणे भाग होते आणि आम्ही ती जाणूनबुजून केली नाही, असे तिच्या प्रमुखाने संसदीय समितीपुढे सांगितले. ज्या देशात कामगार चळवळ दोनशे वर्षांची आहे तेथे हे घडले. उरणमध्ये काय घडू शकेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

आपल्याकडे ही रीत २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याने आली. कांडल्याच्या काळात क्षेत्र सरकारचे असे. या कायद्याने ते खाजगी विकासकाचे झाले आणि त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेण्याची घाई सुरू झाली. दुबईत शासकाने स्वतःच्या वाळवंटावर बंदर बांधले. आपण भातशेतीवर आणि मिठागरांवर दुसऱ्याच्या नावे खोती लिहून देऊ लागलो! महालेखापरीक्षकांच्या २०१४ सालच्या अहवालानुसार देशात अधिसूचित झालेल्या ४५,६३५ हेक्टरांपैकी २८,४८८ हेक्टरांवरच काम सुरू झाले होते. उरलेली जमीन पडून होती. कोठे ती अधिसूचनेतून वगळून व्यापारी कामासाठी वळविली गेली, कोठे ती तारण ठेवून विकासकांनी कर्जे काढली. उद्योगाच्या नावाने जमीन घ्यायची आणि खंडावर बसून राहायचे, हा जेबेल अलीचा धडा आपल्याकडच्या मंडळींनी तंतोतंत गिरविला. फक्त बंदर बांधायचे तेवढे राहून गेले.

रायगडच्या शेतकऱ्याला हे अर्थशास्त्र कोणी शिकविण्याची गरज पडली नाही. याच जिल्ह्यात चरी येथे १९३३ पासून कुळांनी खोतांविरुद्ध अनेक वर्षे संप करून जमिनी पडीक ठेवल्या, उपासमार सोसली, पण खंडाला नकार दिला. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. खोती कायद्याने गेली ती १९४९ साली. जानेवारी १९८४ मध्ये न्हावा-शेवा बंदर आणि नव्या मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणचे शेतकरी रस्त्यावर आले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. त्या बलिदानातून विकसित जमिनीच्या साडेबारा टक्के वाट्याचे तत्त्व पुढे आले. आणि महामुंबई क्षेत्राविरुद्ध एन. डी. पाटील आदींनी जो लढा उभारला त्यामुळे २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील बावीस गावांत शेतकऱ्यांचा कौल घेणे सरकारला भाग पडले. ते क्षेत्र उभे राहू शकले नाही. गोव्यातही २००७ च्या अखेरीस लोकांच्या रेट्यापुढे सरकारला आपल्या सर्व क्षेत्रांचा बेत सोडावा लागला.

म्हणून आता मार्ग बदलला आहे. क्षेत्रात कामगार कायदे सैल करण्याऐवजी सगळा देशच क्षेत्र करून टाकावा, असा विचार दिसतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला टाळेबंदी वा कपात करण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागे. आता ती मर्यादा तीनशेवर नेली आहे. संपासाठी चौदा दिवसांची आगाऊ सूचना सर्वच आस्थापनांत सक्तीची झाली. संघटनास्वातंत्र्य व सामूहिक वाटाघाटी यांसंबंधीचे आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेचे सत्त्याऐंशी व अठ्ठ्याण्णव क्रमांकांचे ठराव अमिरातीने मान्य केलेले नाहीत, असे आपण बोट दाखवून सांगतो. ते ठराव भारतानेही अद्याप मान्य केलेले नाहीत, हे विसरून कसे चालेल?

आपली भूमिका

आपण बंदरांच्या वा कारखान्यांच्या विरोधात नाही. बंदर हवे, वीज हवी, रोजगार हवा. प्रश्न एवढाच आहे, की सार्वजनिक पैशाने आणि लोकांच्या जमिनीवर जे उभे राहते त्याचा खंड कोणी खायचा, आणि तेथे राबणाऱ्याला तोंड उघडण्याचा अधिकार असायचा की नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. तेथील मच्छीमार हाच प्रश्न विचारीत आहेत. त्यांना ‘विकासविरोधी’ म्हणून हिणविणाऱ्यांना उत्तर देताना आपली मागणी नेमकी असावी.

ती अशी. उद्योगासाठी घेतलेली जमीन कोणाही विकासकाच्या मालकीची होता कामा नये. ती सार्वजनिक मालकीची राहून केवळ पट्ट्याने दिली जावी, आणि ठरल्या मुदतीत उद्योग न निघाल्यास मूळ मालकाकडे परत जावी. वाढलेल्या खंडाचा ठरावीक वाटा ज्यांची जमीन वा मासेमारी गेली त्यांना दरवर्षी मिळावा. एकरकमी मोबदला देऊन त्यांची बोळवण करू नये. कोणत्याही क्षेत्रात कामगार कायद्याला सूट नसावी. ग्रामसभा व मच्छीमार संस्था यांच्या संमतीखेरीज अधिसूचना निघू नये. संघटनास्वातंत्र्याचे दोन्ही ठराव भारताने मान्य करावेत. आणि केरळने २००८ साली कायदा करून आपल्या परदेशस्थ कष्टकऱ्यांसाठी जसा कल्याणनिधी उभारला, त्या तोडीचा निवृत्तिवेतनासह निधी महाराष्ट्राने उभारावा.

यांतील शेवटच्या मागणीसाठी वाट पाहण्याचे कारण नाही. रायगड आणि रत्नागिरीतील शाखांनी आखातातून परतलेल्या कामगारांची गावोगाव नोंद करावी. कोणाचा पगार अडकला, कोणाची सेवासमाप्तीची रक्कम बुडाली, दलालाने किती घेतले, हे लिहून काढावे. जेबेल अलीच्या झगमगाटाची छायाचित्रे मंत्र्यांच्या टेबलावर पुष्कळ आहेत. त्याच टेबलावर या नोंदवह्या नेऊन ठेवण्याचे काम आपले आहे, आणि ते या पावसाळ्यापूर्वी सुरू झाले पाहिजे.